पद्मिनीचे दोन फॅन आणि हरवलेले तीन व्होल्ट

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, अण्णांची. अण्णा गेल्यावर तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. पाण्याच्या पंपावरचा मूळचा चार पात्यांचा फॅन कधीच काढून टाकलेला. त्याच्या जागी रेडिएटरच्या मागे मारुतीचा इलेक्ट्रिक फॅन आहे. मधे कधीतरी एसी बसवला होता, तोही निघाला, पण त्याचा छोटा फॅन रेडिएटरच्या पुढे तसाच राहिला. थोडक्यात फॅन दोन, आणि त्यांची वायरिंग तीन वेगवेगळ्या वायरमनांची. वीज तयार करणारा जुना डायनामो काढून अल्टरनेटरही अण्णांनीच बसवून घेतला होता. तो मात्र ठणठणीत आहे.

ज्यांच्याकडे असली हातोहात फिरलेली वायरिंग आहे, त्यांच्यासाठी या नोंदी. माझा धंदा वेगळा आहे, हे काम सुट्टीच्या दिवशीचं.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

साताऱ्यात राजवाड्याकडून राजपथाने पोवई नाक्याकडे येताना गर्दीत दहा मिनिटं अडकलो आणि बोनेटखालून वाफ आली. काटा लाल पट्ट्यात. बाजूच्या दुकानातले काका तांब्या घेऊन धावले, त्यांना हात जोडून थांबवलं. गरम रेडिएटरचं टोपण उघडलं असतं तर तोंड भाजलं असतं. पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

घरी आल्यावर जे दिसलं ते लिहून ठेवतो, कारण यातलं निम्मं मला आधीपासून माहीत होतं आणि मी दुर्लक्ष केलं होतं:

मागचा फॅन लागतो, पण पाती मोजता येतील इतक्या सावकाश फिरतो. पुढचा लागतच नाही. फॅन चालू असताना हॉर्नचा आवाज बसतो. चावी बंद केल्यावर इंजिन लगेच थांबत नाही, दोन-तीन फेरे जास्तीचे मारतं. सेल्फ मारताना चोकची केबल हाताला कोमट लागते. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे फॅन लागला की टेंपरेचरचा काटा खाली यायच्या ऐवजी वर उडी मारतो.

या सहा गोष्टी एका कागदावर लिहून तिथेच जरा डोकं लावलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फॅन हळू फिरतो म्हणजे मोटार गेली, असा सरळ हिशोब केला. नवी मोटार १,६५० रुपये. जुनी काढायला दीड तास, कारण पिंजऱ्याचा एक बोल्ट गंजून जाम झाला होता आणि शेवटी मुंडी तुटली. ड्रिल मारून काढला.

नवी मोटार बसवली. तेवढीच सावकाश फिरते.

मग डोक्यात प्रकाश पडला. जुनी मोटार ओट्यावर ठेवून दोन जाड वायरींनी बॅटरीला डायरेक्ट जोडली, तर ती हातातून निसटून जाईल इतक्या जोरात फिरली. म्हणजे जुनी मोटार चांगली होती. ही दोन मिनिटांची चाचणी पैसे देण्याआधी करायची असते. दुकानदार परत घेत नाही, 'इलेक्ट्रिकचा माल परत नाही' अशी पाटीच आहे, त्यामुळे मोटार डिकीत स्पेअर म्हणून गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आता संशय थर्मोस्विचवर, म्हणजे पाणी तापलं की फॅन लावणाऱ्या स्विचवर. माझ्या गाडीत तो रेडिएटरला नाही. वरचा होज पाईप कापून मधे ॲल्युमिनियमची नळी घातली आहे आणि तिच्यात स्विच आवळला आहे. एक पिनचा स्विच. त्याची दुसरी बाजू म्हणजे त्याचे स्वतःचे आटे. स्विचवर ९२-८७ असं कोरलेलं आहे, म्हणजे ९२ अंशांना लागतो, ८७ ला सुटतो.

पातेल्यात पाणी, पाण्यात तारेने टांगलेला स्विच, शेजारी थर्मामीटर, आणि मल्टिमीटर बीपवर. साताऱ्यात पाणी शंभरला उकळत नाही, उंचीमुळे ९८ च्या आतच उकळतं, पण ९२ साठी तेवढं पुरतं. पहिल्यांदा ९३ ला बीप वाजला, गॅस बंद केल्यावर ८६ ला सुटला. तीनदा करून बघितलं. स्विच एकदम चोख.

आईने पातेलं ओळखलं. 'हे दुधाचं होतं,' एवढंच म्हणाली. नव्या पातेल्याचे ३४० रुपये खर्चात धरले आहेत.

२ मार्च, रविवार

अँपिअर मोजायला क्लॅम्प मीटर आणला, ९०० रुपये. वायरभोवती लावला, फॅन चालू, आकडा शून्य. वायर बदलून बघितली, शून्य. अर्धा तास गेल्यावर डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं, हा मीटर फक्त एसी मोजतो. गाडीत डीसी. डीसी मोजणारा क्लॅम्प वेगळा येतो आणि महाग असतो. घेताना विचारून घ्या.

संध्याकाळी चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे अण्णांच्या वेळेपासूनचे ऑटो-इलेक्ट्रिशियन. आता दुकान मुलगा बघतो, पण पद्मिनीचं नाव काढलं की स्वतः येतात. डिकीतली नवी मोटार बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

'मालक, मोटार घ्यायच्या आधी एक हाक मारायची. वीज जाताना बघितली, येताना बघितली का?'

मला काही कळलं नाही. त्यांनी माझाच साधा मल्टिमीटर घेतला, डीसी २० व्होल्टवर ठेवला. इंजिन बंद, चावी चालू, थर्मोस्विचची वायर काढून बॉडीला टेकवली, म्हणजे फॅन फिरता राहील. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरी फॅनच्या पॉझिटिव्ह पिनवर. मीटर १.७ दाखवतोय. वायर चांगली असती तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं. मग एक पिन फॅनच्या निगेटिव्हवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. १.२.

बॅटरी १२.५ ची आणि फॅनच्या दोन पिनांमध्ये फक्त ९.६. जाताना १.७ गेले, परत येताना १.२. मिळून २.९ व्होल्ट रस्त्यातच संपले.

हे मापन फॅन फिरत असतानाच करायचं. फॅन काढून नुसत्या वायरीत बघितलं तर पूर्ण १२.५ येतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मी आधी तेच केलं होतं. टेस्ट लॅम्पही असाच फसवतो, त्या छोट्या बल्बला गंजलेल्या वायरीतून येणारा करंटसुद्धा पुरतो.

चाचांच्या मीटरवर फॅन साडेसहा अँपिअर ओढत होता. २.९ व्होल्ट गुणिले साडेसहा म्हणजे सुमारे १९ वॅट नुसती उष्णता. घरातली सोल्डरिंग गन २५ वॅटची असते. म्हणजे वायरिंगमध्ये कुठेतरी जवळजवळ एक सोल्डरिंग गन चालू ठेवून मी गावभर फिरत होतो.

८ मार्च, शनिवार

पॉझिटिव्ह बाजू टप्प्याटप्प्याने मोजली. बॅटरीपासून सुरुवात करून प्रत्येक सांध्यावर पिन टेकवत पुढे जायचं, जिथे आकडा एकदम वाढतो तिथे चोर.

चावीच्या लॉकमध्ये ०.५. फ्यूजमध्ये ०.९. बोनेटच्या कडेला टेपने गुंडाळलेल्या एका पिळलेल्या सांध्यात ०.३.

पद्मिनीचे फ्यूज चिनीमातीचे, दोन्ही टोकांना निमुळते, कडेने धातूची पट्टी. फक्त स्प्रिंगच्या दाबावर बसतात. चाळीस वर्षांत स्प्रिंगचा दाब जातो, पट्टीवर पांढरी बुरशी येते, आणि फ्यूज उडत नाही पण करंटही नीट जाऊ देत नाही. माझ्या गाडीत त्या जागेचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. फॅन मुळात त्या फ्यूजवर नव्हताच. कुणीतरी नंतर तिथे दुसरी वायर खोचली होती.

लॉकमधून फॅनचा सगळा करंट जातो हे समजल्यावर चावीचं कोडंही सुटलं. चावी बंद केली तरी फॅन आपल्या वेगात फिरत राहतो, आणि फिरणारी मोटार म्हणजे डायनामोच. ती उलटी वीज इग्निशनच्या वायरीला देत होती, म्हणून इंजिन दोन फेरे जास्त मारत होतं. मी इतके दिवस कार्बन साचलाय म्हणून पेट्रोलमध्ये औषध टाकत होतो. दोन बाटल्या, ५०० रुपये.

९ मार्च, रविवार

निगेटिव्ह बाजू. फॅनची काळी वायर रेडिएटरच्या पट्टीला एका पत्र्याच्या स्क्रूने लावलेली. पट्टीला अण्णांनी हौसेने रंग मारून घेतलेला आणि स्क्रू रंगावर. तिथे ०.८. बाकीचे ०.४ बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे लागते त्या बोल्टवर.

दोन्ही ठिकाणी पॉलिश पेपरने चकाकता पत्रा येईपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घातला, आवळलं, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावलं. चाचांचं म्हणणं, ग्रीस आधी नाही, नंतर. फॅनसाठी आता ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हच्या बोल्टपर्यंत नेली आहे, बॉडीवर भरवसा ठेवलाच नाही.

फक्त एवढं केल्यावर निगेटिव्ह बाजू १.२ वरून ०.०८ वर आली. खर्च ११० रुपये. १,६५० ची मोटार डिकीतून माझ्याकडे बघत होती.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

रंग खेळायला बोलावणारे येईपर्यंत रिले बसवून टाकू म्हटलं. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बेत असा की बॅटरीपासून वितभर अंतरावर फ्यूज, तिथून जाड वायर रिलेला, रिलेतून फॅनला. लॉकमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, त्याला पाव अँपिअरही लागत नाही.

जोडणी अशी: ३० नंबरला बॅटरी, ८७ ला फॅन, ८६ ला चावीची वायर, ८५ थर्मोस्विचला. थर्मोस्विच गरम झाला की ८५ ला अर्थ, म्हणजे बॉडीतून निगेटिव्ह, मिळतो आणि रिले ओढते.

शेवटची वायर लावताक्षणी चावी न लावताच फॅन सुरू झाला. कुठे शॉर्ट झालंय म्हणून सगळं उकललं, परत जोडलं, परत तेच. एक तास गेला. तोपर्यंत शेजारची पोरं आली आणि मल्टिमीटर हिरवा झाला.

दुपारी अंघोळ करून रिलेच्या अंगावरचं चित्र नीट बघितलं. पाच पिनांची रिले होती. मधली पिन ८७ नव्हे, ८७ए. रिले बंद असताना जोडलेली असते आणि रिले ओढली की सुटते. मी फॅन तिच्यावर लावला होता. म्हणजे गाडी थंड असताना फॅन चालू आणि पाणी उकळलं की फॅन बंद! दुकानात दिसायला अगदी तशीच दुसरी पाच पिनांची रिले मिळते, तिच्यात मधली पिनसुद्धा ८७ च असते. त्यामुळे पिनांची जागा पाठ करू नका, अंगावरचं चित्र वाचा. मी चार पिनांची ४० अँपिअरची घेतली, सॉकेटसकट १८० रुपये.

१६ मार्च, रविवार

थर्मोस्विच चोख, रिले चोख, इंजिन तापलं तरी फॅन लागत नाही. ८५ ची वायर बॉडीला टेकवली की लगेच लागतो.

कारण मीच. तेवीस फेब्रुवारीला स्विच परत बसवताना पाणी झिरपू नये म्हणून आट्यांना भरपूर टेफलॉन टेप गुंडाळली होती. एक पिनच्या स्विचला अर्थ आट्यांमधूनच मिळतो. शिवाय ती ॲल्युमिनियमची नळी दोन्ही बाजूंनी रबरात आहे, म्हणजे बॉडीला तशीही चिकटलेली नाही. तिला अर्थ द्यायला एक बारीक वायर होती, ती मी काम करताना हिसका बसून तोडली होती आणि कचरा समजून फेकली होती.

नळीच्या कडेला छोटा स्क्रू, त्याला नवी अर्थ वायर, आट्यांवर टेपऐवजी तांब्याचा वॉशर. चाचा म्हणाले दोन पिनांचा स्विच मिळतो, तो घाला, म्हणजे ही भानगडच नको. ३८० रुपये. पुढच्या वेळी पाणी उतरवेन तेव्हा घालणार.

आता फॅन पूर्ण जोरात. बॅटरीवर १२.४ असताना फॅनच्या पिनांवर १२.१. आवाज ऐकून आई बाहेर आली.

पण काट्याची उडी आणखी मोठी झाली. फॅन लागला की टेंपरेचर एकदम दोन रेघा वर. मी घाबरून गाडी बंद करत होतो. चाचांना फोन केला.

'एका सेकंदात किती लिटर पाणी तापतं, मालक?'

पाणी तापत नाही. एका सेकंदात बदलते ती वीज. म्हणजे काटा पाण्याचं नाही, वायरीचं सांगतोय. इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरच्या बॉडीवर एक पिन, बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरी, ०.७ व्होल्ट. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी गिअरबॉक्सजवळ सापडली. तेलाने काळी, एका टोकाला चार-पाच तारांवर लटकलेली. अल्टरनेटरचा सगळा करंट तिच्यातून परत येतो. सेल्फचाही तिच्यातूनच जायला हवा, पण तिला झेपत नव्हता, म्हणून तो जमेल त्या वाटेने जात होता, त्यातली एक वाट म्हणजे चोकची केबल. म्हणून ती कोमट लागायची.

नवी पट्टी १२० रुपये. काटा शांत झाला, सेल्फ पहिल्या अर्ध्या फेऱ्यात उचलतो, चोकची केबल गार. या एका पट्टीने तीन तक्रारी गेल्या, आणि ती मी सगळ्यात शेवटी बघितली.

२३ मार्च, रविवार

सगळं झालं म्हणून दिमाखात बाहेर काढली. पुढच्या फॅनलाही त्याच रिलेवरून तात्पुरती वायर दिली होती. मोती चौकात सात मिनिटं उभा राहिलो आणि काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे. दोन्ही फॅन जोरात, तरी!

मोटार नेमकी फिरते कुठल्या बाजूला हे बघितलं नव्हतं. मागच्या फॅनचं मूळ सॉकेट हिरवं पडलं होतं म्हणून कापून वायरीच्या टोकांना नवीन थिंबल, म्हणजे धातूच्या पिना, लावल्या, तेव्हा पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे झाले. डीसी मोटार उलटी जोडली की उलटी फिरते, तक्रार करत नाही. पुढचा फॅन वारा आत ढकलतोय, मागचा तोच वारा बाहेर ढकलतोय, मधे रेडिएटर बिचारा.

तपासायची पद्धत सोपी: पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरायचा. फॅन बरोबर असेल तर कागद जाळीला चिकटतो. माझा उडून गटारात गेला. दोन वायरी बदलल्या, कागद चिकटला. पाच मिनिटांचं काम, पण आजचा रविवार गेला.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आईने आरशाला गाठी बांधली, बोनेटला हळदकुंकू. कोरेगावला आत्याकडे जाऊन आलो. जाता-येता काटा मध्यावर. गर्दीत फॅन लागतो, दीड-दोन मिनिटांत सुटतो.

रात्री येताना मात्र वाटेत हेडलाइट मंदावल्या. घरी आल्यावर मोजलं. इंजिन आयडलवर, हेडलाइट आणि दोन्ही फॅन चालू, बॅटरीवर १२.३. म्हणजे अल्टरनेटर पुरत नाही, बॅटरी खर्च होतेय. थोडा ॲक्सिलरेटर दिला की १३.८. बेल्ट आवळला, आयडलला १२.६ झालं, त्यापुढे नाही.

दोन्ही फॅन एकदम लागायची गरज नाही हे उघड आहे. मागचा एकटा सपाटीला पुरतो.

६ एप्रिल, रविवार

पुढच्या फॅनला स्वतःची रिले, स्वतःचा १५ अँपिअरचा फ्यूज, आणि डॅशबोर्डखाली एक साधा स्विच. घाट आला की मी लावणार. मागच्याला २० अँपिअर, तो थर्मोस्विचवर. मोजून घेतलं, मागचा पूर्ण व्होल्टेजला आठ, पुढचा सहा अँपिअर ओढतो. सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतात, म्हणून फ्यूज एवढे.

गावातले जुन्या गाड्यांचे दोन शौकीन म्हणाले, हे सगळं काढ आणि मूळ चार पात्यांचा फॅन शोध, त्याला वायरच लागत नाही. बरोबर आहे त्यांचं. पण तो फॅन इंजिनच्या वेगाने फिरतो. गर्दीत इंजिन हळू तर फॅनही हळू, आणि मला त्रास गर्दीतच आहे.

१३ एप्रिल, रविवार

परीक्षा म्हणून यवतेश्वर घाट. समर्थ मंदिरापासून चढायला लागलो, दाजी शेजारी, बाहेर दुपारचं ऊन. दुसरा गिअर, पुढचा फॅन चालू. काटा तीन-चतुर्थांशावर जाऊन थांबला, पुढे सरकला नाही. वर पोचल्यावर दाजींनी भजी सांगितली आणि मी बोनेट उघडलं.

जळक्या बेकेलाइटचा वास. मागच्या फॅनच्या रिलेचं सॉकेट हाताला चटका देत होतं, ३० नंबरच्या पिनेजवळचं प्लॅस्टिक मऊ झालेलं. तयार सॉकेटसोबत आलेल्या वायरी दिसायला जाड होत्या, पण सोलल्यावर आत तांबं बारीक, बाकी सगळं रबर. शिवाय पिना ढिल्या. मी माझी ४ स्क्वेअरची जाड वायर आणून या केसाएवढ्या वायरीला जोडली होती. मधेच अरुंद पूल.

उतरताना इंजिनवर काही भार नव्हता, फॅन एकदाही लागला नाही. भजी मात्र गार झाली होती.

२० एप्रिल, रविवार

सॉकेटमधल्या पिना काढून जाड वायरीवर नव्या पिना क्रिम्प केल्या, म्हणजे दाबून घट्ट बसवल्या. पक्कड वापरून चेपलेल्या पिना ओढल्या की निघतात, म्हणून ६५० चा क्रिम्पिंग टूल घेतला. हा खर्च मी पहिल्या आठवड्यात करायला हवा होता. क्रिम्पच्या वरून सोल्डर ओतायचा मोह होतो. चाचा नको म्हणतात, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने बरोबर तिथेच तुटते. वर फक्त हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी.

पुन्हा वीस मिनिटं दोन्ही फॅन चालवले. सॉकेट कोमट, बोट ठेवता येतं. पॉझिटिव्ह बाजूचं नुकसान ०.२.

२७ एप्रिल, रविवार

दाजींना शिरवळला काम होतं. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट चढावा लागणार होता, म्हणून मुद्दाम दुपारी दोनला निघालो. चढावर एक ट्रक बंद पडलेला, त्याच्यामागे सव्वा किलोमीटरची रांग. पंधरा मिनिटं पहिल्या गिअरमध्ये इंच इंच. दोन्ही फॅन चालू. काटा तीन-चतुर्थांशाच्या वर गेला नाही. शेजारच्या नव्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, 'काका, पाणी हाय का जवळ? लागलं तर सांगा.' मी म्हटलं, 'आहे.' पाच लिटरचे दोन कॅन मागच्या सीटवर होते. एकही उघडावा लागला नाही.

४ मे, रविवार

हिशोब. लागलेलं सामान: दोन रिले सॉकेटसकट ३६०, फ्यूज होल्डर आणि फ्यूज १९०, जाड वायर आठ मीटर ४८०, थिंबल-पिना-स्लीव्ह २१०, इंजिनची पट्टी १२०, अर्थिंगचं किरकोळ ११०, स्विच ७०, क्रिम्पिंग टूल ६५०. एकूण २,१९०. उगाच गेलेलं: मोटार १,६५०, एसी क्लॅम्प मीटर ९००, पाच पिनांची रिले १५०, पेट्रोलमधलं औषध ५००, पातेलं ३४०. एकूण ३,५४०. चाचांनी पैसे घेतले नाहीत, कंदी पेढ्यांचा एक बॉक्स घेतला.

राहिलेलं काम: दोन पिनांचा थर्मोस्विच. पुढच्या फॅनचं बुश सुरू होताना किरकिरतं, तो एसीच्या जमान्यातला आहे, किती दिवस टिकतो बघू.

आज शेवटी एसीच्या मेलेल्या वायरी ओढून काढल्या. डॅशबोर्डखालून, चाकाच्या वरून, कुठून कुठून. एक वायर तर दोन्ही टोकांना कशालाच जोडलेली नव्हती, तरी तिच्या मधोमध व्यवस्थित टेप गुंडाळलेली होती. भंगारवाल्याने सगळं तराजूत टाकलं, एक किलो चारशे ग्रॅम. वायरींचा गुंता उलटापालटा करत त्याने विचारलं, 'गाडी भंगारात काढली का काय?'

चावी फिरवून त्याला आवाज ऐकवला.